तापवलेली हलगी

सावळाराम खडकीहून आला की दोन दिवस घरात सण असायचा आणि तिसऱ्या दिवसापासून भांडण. या खेपेला भांडण पहिल्याच दिवशी लागलं, तेही भाकरी ताटात पडायच्या आत.

निमित्त झालं गेनू शिपायाचं. शनिवारची उन्हं कलताना तो वस्तीवर आला आणि अंगणाच्या बाहेरच्या दगडावर टेकला. तांबडवाडी ग्रामपंचायतीचा तो एकुलता एक नोकर. आत ये म्हटलं तरी येत नसे आणि पाणी पुढं केलं तर 'आत्ताच प्यालोय' म्हणे.

"भोरवरनं तालुक्याच्या साहेबाचा कागुद आलाय," गेनू म्हणाला. "मागली सभा रद्द. परवा सोमवारी परत घ्यायची. देवळात न्हाई, साळंच्या पटांगनात. समद्या गावासमोर."

सावळारामनं मांडीवर थाप मारली. "बघितलंस, दादा? म्हनलो न्हवतो तुला? साहेबाला नुसतं सांगितलं, सभा देवळाच्या सभामंडपात घेत्यात आन् आमचा पंच भायेर पायरीवर बसतो. साहेबानं चष्मा काढून ठेवला!"

थोरला दादू मान खाली घालून बसला होता. राखीव जागेवरचा पंच तोच. विहिरीचा ठराव झाला त्या दिवशी तो नेहमीसारखा पायरीवर बसला होता. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नव्हतं, आणि बाहेरच्यानं आत डोकावून विचारायचं हे त्याच्या अंगवळणी नव्हतं. शेवटी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी बुक बाहेर आणून दिलं, बोट ठेवून जागा दाखवली, आणि दादूनं सही केली. दुष्काळी निधीतून बौद्धवस्तीला मंजूर झालेली विहीर वरच्या आळीला, सरपंचांच्या मळ्याच्या बांधाला गेली, हे त्याला पुढं खडीच्या कामावर दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. ठरावात 'एकमताने' असं होतं. त्या एकमतात दादूचंही मत होतं.

दादूची बायको भामा चुलीपुढून उठून दारात आली. नवऱ्याच्या मानेकडं तिनं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"पन एक अडचन हाय," गेनू म्हणाला. "साहेबानं लिवलंय, दवंडी समद्या आळ्यांतनं द्यायची. तुमच्या वस्तीवरबी."

"मग दे की!" सावळाराम म्हणाला.

"म्या न्हाई देनार."

"पगार पंचायतीचा खातोस ना?"

"पगार झाडलोटीचा आन् कागुद पोचवायचा. हलगीचा न्हाई." गेनूनं मान खाली घातली. "माझ्या रतनचं लगीन जमत आलं हुतं नीरंपलीकडं. पावनं आलं, च्या प्यालं, आन् जाताना म्हनलं, तुमी गावात हलगी वाजवता म्हनं? मोडलं. बायको दोन दिस जेवली न्हाई. आता हात तोडला तरी न्हाई वाजवनार."

"आन् मागल्या सभंला? तवा दिलीस ती?"

"दिली की."

"कुठं? आमाला कशी ऐकू आली न्हाई?"

गेनू बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "देवळामागं. पारापाशी. दोन-चार टिपरू मारलं… हळू."

"हळू दवंडी!" आतून कमळाबाई, भामाची सासू, फस्सकन हसली. "ऐकलं का वो? हळू दवंडी! उद्या म्हनशील, आंधारात सावली पाडली."

हसणं तिथंच विरलं, कारण म्हातारा हसला नाही. ज्ञानू, या घराचा कर्ता आणि दोघा भावांचा बाप, भिंतीला टेकून अंबाडीचा दोर वळत होता. त्याचा हात थांबला नव्हता, पण दोराचा पीळ सुटत चालला होता.

भामाच्या डोक्यात मात्र एक गोष्ट लख्ख झाली. इतके दिवस तिला वाटत होतं, दवंडी गावाला ऐकू आली आणि फक्त वस्तीला आली नाही. ती गावालाही आली नव्हती. खालच्या आळीच्या, मळ्यातल्या, कुणालाच नाही. सभेला गेले ते सरपंचांनी सांगावा धाडलेले. गेनूला लाज वाटली म्हणून तो हळू वाजवत होता, आणि सरपंच रखमाजीला ते चाललं होतं. त्यानं कुणाचे कान बंद केले नव्हते. गेनूची लाज त्याच्या उपयोगी पडत होती, एवढंच.

"सरपंचांनी काय सांगितलंय, ते बोल," दादू म्हणाला.

"म्हनलं, ज्याचं काम त्यानं करावं. ज्ञानबाला इचार. त्यो देत आसंल तर सभा. न्हाईतर सभा न्हाई, आन् सभा न्हाई तर जुना ठराव हाय तसा. मंगळवारी सुरुंगवालं येत्यात. ते वरल्या आळीला लागत्याल."

"ज्याचं काम!" सावळाराम उभा राहिला. "कुनाचं काम रं? कुनाचं? सोडलं आमी ते!"

"माझ्यावर नगं वरडू. म्या निरोप्या."

"भोंगा आनतो भोरवरनं. सायकलीला लावून फिरवतो."

"त्येबी इचारलं म्या. भाऊसाहेब म्हनलं, नेमात दवंडी हाय, भोंगा न्हाई. भायेरगावचं वाजंत्रीबी चालत न्हाई म्हनत्यात. गावचंच मानूस पायजे."

"मग म्या पुन्हा साहेबाकडं जातो."

"उद्या आईतवार."

गेनू उठला, धोतर झटकलं, आणि जाताना पुटपुटला, "ज्ञानूतात्या, राग मानू नगा. गावात दुसरं कुनी हात लावत न्हाई त्या हलगीला. धा जनांना इचारलं."

तो गेल्यावर अंगणात कुणी कुणाकडं बघेना. मग दादू खालच्या आवाजात म्हणाला, "आबांनी एकदा दिली तर…"

"तू बोलू नगंस!" सावळाराम गरकन वळला. "पायरीवर बसून सही करनाऱ्यानं बोलूच नगं. तुला आठवतंय का सत्तावन साल? भोरला दीक्षा घिऊन आलो त्या दिवशी ह्याच अंगनात आबांनी हलगी जाळली. घुंगरांची काठी जाळली. आयनं वरनं राकेल वतलं. म्या आबांचा हात धरून उभा हुतो. ती घुंगरं तापून तडातडा उडाली तवा आबा काय म्हनलं? म्हनलं, सावळ्या, आता दवंडी न्हाई, मेलं ढोर वढनं न्हाई; आजपास्नं कुनी तुला येसकराचा पोरगा म्हनायचं न्हाई. त्या शबदावर म्या शिकलो. त्या शबदावर कारखान्यात लागलो. आन् आता एका हिरीसाठी—"

"भावजी," भामा म्हणाली, "तुमच्या खडकीच्या खोलीत नळ कधी येतो?"

सावळाराम चमकला. "पहाटं."

"किती येळ ऱ्हातो?"

"आसंल… तासभर."

"तोटी उघडली का पानी आपसूक घागरीत पडतं?"

"वैनी, ते येगळं—"

"म्या नरोटीनं भरते."

ते त्याला माहीत होतं, पण ऐकलेलं माहीत होतं. वस्तीखालच्या ओढ्याचं पात्र फाल्गुनातच कोरडं पडलं होतं. बायकांनी वाळू उकरून हातभर खोल झिरा केला होता. तळाशी पाणी पाझरायचं, पण सगळीकडून नाही. वरच्या अंगाच्या काळ्या खडकाच्या फटीतून, आणि तेही घाई केली की गढूळ व्हायचं. नारळाची नरोटी तिरकी धरून पाण्याचा वरचा पातळ थर तेवढा उचलायचा. मग थांबायचं. पुन्हा पाणी साठलं की पुन्हा नरोटी. एक घागर भरेस्तोवर मागच्या बाईची सावली पुढं सरकलेली असायची. गावच्या विहिरीवर जाऊन उभं राहिलं तर कुणी तरी वरून ओतायचं; पण यंदा ती विहीरही खरवडत आली होती, आणि ओतणाऱ्याचा हात आखडला होता.

"पान्यावाचून मरन आलं तरी चालंल," कमळाबाई आतून म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. वेल्ह्याकडच्या डोंगरातली ती, बोलली की दगड ठेवल्यासारखं. "पन त्यो हलगीला हात लावनार न्हाई. राकेल म्या वतलंय."

"आत्याबाई, पानी तुमी आनत न्हाई."

घरात आल्यापासून भामानं सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. शब्द बाहेर पडले तेव्हा तिचे तिलाच ते दुसऱ्या कुणाचे वाटले. कमळाबाईनं भाकरीची काठवट बाजूला सारली आणि तोंड भिंतीकडं केलं. दादूनं पहिल्यांदाच मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत भामाला दिसली ती सुटका. बायको त्याच्या बाजूनं बोलली होती. तिला त्या सुटकेचा रागच आला. ती दादूसाठी बोलली नव्हती.

ती सासऱ्यापुढं जाऊन बसली. पदर कपाळावर ओढला.

"मामंजी, येकदाच. सभा झाली म्हंजी झालं."

म्हाताऱ्यानं दोर खाली ठेवला. "गेनू ती हलगी कुठं ठिवतो?"

"चावडीत. खुंटीला."

"शेकतो का वाजवायच्या आधी?"

"मला काय ठावं?"

"न्हाई शेकत," ज्ञानू स्वतःशीच म्हणाला. "न शेकता वाजंल कशी? कातडं ढिलं पडतं. जोरात मारली तरी पारापल्याड जायची न्हाई." त्यानं दोन्ही तळवे उलटे करून बघितले, जणू ते दुसऱ्याचे होते. "चावडीची किल्ली माग गेनूकडं."

सावळारामनं ताटाला पाय लागणार नाही अशा बेतानं ते ओलांडलं आणि न जेवता बाहेर पडला.

रविवारी सकाळी ज्ञानूनं वाळक्या काटक्यांचा जाळ केला. धुराचा नको, नुसत्या निखाऱ्यांच्या आराचा. हलगी त्यानं जाळावर सपाट न धरता तिरकी धरली आणि कडेकडेनं फिरवली. मधेच बोटानं टिचकी मारून ऐकायची, पुन्हा फिरवायची. आधी ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. मग तो कोरडा होत गेला. मग एका टिचकीला कातड्यातून असा टणत्कार उठला की गोठ्यातल्या शेळ्यांनी माना वळवल्या. शेजारची माणसं दारात आली होती. कमळाबाई घरातून बाहेरच आली नाही. सावळाराम विहाराच्या ओट्यावर पाठ करून बसला होता. त्याची पाठ सगळ्या वस्तीला दिसत होती.

आधी वस्तीवर दवंडी झाली, मग म्हातारा गावात गेला. भामा सरपणाच्या निमित्तानं मागून निघाली. सुनेनं सासऱ्याच्या मागं आळीआळीतून हिंडायचं नसतं, म्हणून ती गावकुसाच्या कडेनं चालली आणि नुसत्या आवाजावरून तो कुठं पोचला ते ओळखत राहिली.

"ऐका हो ऐका! उद्या सकाळच्या पारी साळंच्या पटांगनात गावसभा हाय हो! हिरीचा ठराव हाय हो! बाप्यांनी यायचं, बायांनी यायचं, कुनी ऱ्हायाचं न्हाई हो!"

बायांचं गेनूनं सांगितलं नव्हतं. ते म्हाताऱ्यानं आपलं आपण घातलं.

देवळाच्या मोकळ्या कोपऱ्यावर तिला तो दिसला, आणि ती सरपण विसरून उभीच राहिली. घरात भिंतीशी वाकून बसणारा माणूस ताठ झाला होता. डाव्या खांद्यावर हलगी, मान किंचित मागं, दोन टिपऱ्यांचा हात असा चालत होता की काही विचारायचं कारणच नाही. शेवटच्या 'हो'ला तो आवाज उचलून सोडून द्यायचा, आणि समोरच्या टेकडीवरून तो परत आला की मगच पुढचं पाऊल टाकायचा. पोरं मागं लागली होती. म्हाताऱ्या बाया हात जोडल्यासारख्या पदर सावरत होत्या. त्याच्या चेहऱ्यावर लाज असेल, असं धरून भामा आली होती. लाज नव्हती. त्याला बरं वाटत होतं. ते पाहून ती दोन पावलं मागं सरकली.

"अगं भामे!" खालच्या आळीची साळूबाई परसात भांडी घासत होती. दोघी खडीच्या कामावर शेजारी बसून दगड फोडायच्या, एकमेकींच्या तंबाखूची चिमूट खायच्या. "किती वर्सांनी वाजली गं अशी! गावाला जीव आल्यागत झालं. त्यो गेनू मेला, उंदरागत वाजवायचा."

"येनार न्हवं सभंला?"

"न येऊन सांगते कुनाला? मागल्या येळंला आमालाबी कळलं न्हाई. हिरी वाटून घेतल्या मेल्यांनी आपापसात. बोलते बघ उद्या."

आणि ती खरंच बोलली.

सोमवारी शाळेचं पटांगण भरून वाहिलं. लिंबाखाली वरची आळी, भिंतीच्या सावलीला खालची आळी, आणि उन्हात वस्ती. पण सगळे एका आवारात, एका जमिनीवर. टेबलामागं सरपंच रखमाजी, शेजारी भाऊसाहेब. पंचांसाठी बाकडं मांडलं होतं आणि दादू त्या बाकड्यावर, अगदी कडेला का होईना, बसला होता. बायका व्हरांड्याच्या टोकाशी दाटीनं उभ्या. गावसभेत बाया येतात हे बघायलाच निम्मे बाप्ये आलेले.

दादूला बोलायला सांगितलं तेव्हा तो उठला.

"हीर आमच्या वस्तीला मंजूर झालेली," तो म्हणाला. आवाज फुटला, पण थांबला नाही. "म्या सही केली ती न ऐकता केली. मला आत बोलवलं न्हाई. आज आत हाय, तर म्हनतो, हीर वस्तीलाच व्हावी."

"वरल्या आळीला पानी नगं का?" लिंबाखालून एक जण.

"तुमच्या मळ्यात हाय की एक, सरपंचांची!" साळूबाई तिथूनच ओरडली. हशा झाला. "आन् आमालाबी दवंडी ऐकू आली न्हवती मागल्या येळंला. म्हंजी एकमत कुनाचं, देवळातल्या उंदरांचं?"

यावर खालच्या आळीचे बाप्येही बोलू लागले. ज्यांना कधी विचारलंच नव्हतं, त्यांना आज विचारल्याचा जोर चढला होता. भाऊसाहेबांनी हात वर करायला सांगितले. हातांची दाटी झाली. बायकांचे मोजायचे की नाही यावर थोडी कुरबुर झाली. साहेबाचा कागद वाचून भाऊसाहेब म्हणाले, मोजायचे. विहीर वस्तीला आली.

भामाच्या शेजारच्या बाईनं तिचा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला.

रखमाजीनं वाद घातला नाही. तो शांतपणे म्हणाला, "सभेनं ठरवलं, झालं. आता भाऊसाहेब, समदं वाचून दाखवा. उघडी सभा पायजे हुती न्हवं? मग समदं उघडं. मागून कुनी म्हनायला नगं, मला ऐकू आलं न्हाई."

भाऊसाहेब वाचू लागले. तारीख, जागा, हजर माणसं. मग: "सभेची दवंडी गावचे येसकर ज्ञानू यांनी रीतीप्रमाणे सर्व आळ्यांतून दिली."

"थांबा!" सावळाराम उन्हातून पुढं आला. "येसकर खोडा. गावाला येसकर न्हाई. ती वतनं सरकारनं मोडली."

"मग काय ल्ह्यायचं?" रखमाजीनं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. खरंच अडचण मांडावी तसं तो बोलत होता. "वाटंनं जानाऱ्यानं दवंडी दिली म्हनून ल्ह्यायचं? उद्या कुनी म्हनंल, हलगी कुनी वाजवली, कुनाच्या हुकमानं? म्हंजी सभा खोटी, सभा खोटी तर हीर खोटी. तूच भोरला जाऊन शिकवलंस आमाला, सावळाराम, समदं नेमानं पायजे."

"ग्रामस्थ असं लिहिता येईल," भाऊसाहेब पडलेल्या आवाजात म्हणाले.

"म्या कोन ठरवनारा? सभा बसलीय. तिला इचारा."

ऊन टाळूवर आलं होतं. लोकांना घरी जायचं होतं. "असू दे रं सावळा," कुणी तरी म्हणालं, अगदी आपुलकीनं, "शबुद त्यो एक. हीर मिळाली न्हवं?" "व्हय की. वाजवली ती त्यांनीच, मग खोटं काय?" "चला, उरका." विहिरीसाठी वर झालेले तेच हात शब्दासाठी वर झाले. साळूबाईचाही झाला. वस्तीतल्या काहींचे अर्धवट उठले आणि तिथंच राहिले.

भामानं सासऱ्याला शोधलं. तो भिंतीशी उकिडवा बसला होता, पुन्हा वाकलेला. त्याला ऐकू आलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

बुक दादूपुढं आलं. त्यानं बाकड्यावरून तिच्याकडं बघितलं. नको म्हणायचं असेल तर आत्ता, असं त्या बघण्यात होतं. भामाला ओढा दिसला, तिरकी धरलेली नरोटी दिसली. तिनं मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची नाही. दादूनं सही केली. या वेळी त्यानं पूर्ण ऐकलं होतं.

सावळाराम संध्याकाळच्या एसटीनं गेला. आईच्या पाया पडला, बापाच्या नाही. फाट्यापर्यंत पोचवायला भामाच गेली. गाडीत चढताना तो म्हणाला, "वैनी, पानी लागलं की कळवा." त्यात टोमणा नव्हता, म्हणून तिला रडू आलं.

मंगळवारी सकाळी सुरुंगवाले वस्तीवर आले. त्यांनी चुन्यानं गोल आखला. मातीचा वरचा थर काढायला वरच्या आळीची माणसं हजेरीवर लागली होती. ती टिकाव टेकवून बिड्या ओढत होती. भामा दोन्ही हात कमरेवर ठेवून तो पांढरा गोल बघत होती, तेवढ्यात साळूबाई आली. डोळे सुजलेले, केस तसेच.

"भामे, आमचा पवळ्या गेला गं. रातच्याला पाय झाडलं आन् गेला."

भामानं तिला हाताला धरून बसवलं. पवळ्या तिलाही ठाऊक होता. खडीच्या गाडीला तोच जुंपलेला असायचा, चढावर गुडघे टेकायचा आणि पुन्हा उठायचा. साळूबाई पदर तोंडात धरून रडली. चारा नव्हता, पेंड नव्हती, शेवटी छपराचं गवत काढून घातलं, ते त्याला चावेना. भामा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काही वेळानं साळूबाईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं.

"ज्ञानबाला लावून दे. उन्हं चढायच्या आत वढायला पायजे. दारातच पडलाय."

भामाचा हात तिच्या पाठीवर थांबला.

"साळूबाई, आमी सोडलं ते. तुला ठावं न्हाई का?"

"व्हय, ठावं हाय की. पन हलगीबी सोडली हुतीच न्हवं?" साळूबाईला काही वावगं वाटत नव्हतं. ती दोन आणि दोन मांडावे तशी बोलत होती. "काल भर सभंत वाचलं, येसकर ज्ञानू म्हनून. समद्यांनी ऐकलं. म्या हात वर केला. हिरीलाबी केला, त्यालाबी केला. आता न्हाई म्हनू नगं, बाई. माझ्या दारात मानूस न्हाई वढायला."

मागं चाहूल लागली. ज्ञानू मुंडासं बांधून उंबऱ्याच्या आत उभा होता. हातात त्यानं शनिवारी वळायला घेतलेला दोर होता.

"मामंजी, तुमी आत बसा."

"हिरीची मानसं वरल्या आळीची हैत, पोरी," तो म्हणाला. "टिकाव टाकून गेली तर?"

"आता अडव," भिंतीशी बसलेली कमळाबाई म्हणाली. शनिवारपासून हे तिचं पहिलंच बोलणं. "तूच धाडलं हुतंस. तूच अडव."

दादू अंगणात होता. तो चुन्याच्या गोलाकडं बघत होता, आणि त्या गोलापाशी बिड्या विझवून माणसं इकडं बघू लागली होती.

भामा दारात आडवी झाली. दोन्ही हात चौकटीला. सासरा सुनेला हात लावून बाजूला सारणार नाही, एवढ्यावर तिचा भरवसा होता. तिच्या मानेमागं म्हाताऱ्याचा श्वास येत होता.

"साळूबाई," ती म्हणाली, "एकट्यानं येऊन दारात मागायचं न्हाई आता. जे काय आसंल ते सभंत इचारा. समद्या गावासमोर. बैल कुनी वढायचा, त्येबी तिथंच ठरू दे. आमीबी येतो, आमीबी बोलतो. सभा लावा."

साळूबाईनं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या खांद्यावरून आत म्हाताऱ्याकडं.

"लावू की," ती म्हणाली. "पन दवंडी कोन देनार?"

ती थट्टा करत नव्हती. उन्हात उभी राहून ती खरंच उत्तराची वाट बघत होती.